पीक आले, बाजार कुठे?

पुसेगाव म्हटले की ऐकणारा लगेच हात जोडतो आणि सेवागिरी महाराजांचे नाव घेतो. ते पुसेगाव साताऱ्याकडचे. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही परभणीकर होतो. आमच्याकडे सोयाबीन होते, तूर होते, कापूस होतो आणि हळद तर चांगलीच होते. सिनेमा मात्र आमच्या शिवारात कधी कुणी पेरला नव्हता. माझ्या पुतण्याने आता तेही मनावर घेतले आहे.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. फराळ झाला आणि भाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला ओट्यावर बोलावले. मी आयुष्यभर मास्तरकी केली, त्यामुळे घरात काही अवघड आले की कागद माझ्यापुढे सरकतो. या वेळी तो कागद म्हणजे सातबाराचा उतारा होता. पोरगा औरंगाबादेत नाट्यशास्त्र शिकून आलेला. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आमच्या भाऊंच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. पोराने पटकथा लिहिली आहे. विषय आपल्याच भागातला, हळद शिजवणाऱ्या मजूर बाईचा. कॅमेरावाला मित्र तयार, नट तयार, गावही तयार. पैसे तेवढे नाहीत. म्हणून त्याचे म्हणणे, माझ्या वाटणीचे अडीच एकर विका.

"तूच सांग मास्तर," भाऊ म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाई. पर जमीन गेली की गेली."

पोरगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, 'ख्वाडा' कसा झाला? भाऊराव कऱ्हाडेंनी जमीनच विकली होती ना?"

या प्रश्नाला मला ओट्यावर बसून उत्तर देता आले नाही. दोन दिवसांत सांगतो म्हणालो. ते दोन दिवस मी जो विचार केला, तो आज वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही. हाती कॅमेरा आणि डोक्यात गोष्ट असलेली मुले आता गावोगाव आहेत आणि त्यांच्या बापाच्या नावावर कुठे अडीच, कुठे चार एकर आहे.

'ख्वाडा'ची गोष्ट खरी आहे. धनगर कुटुंबाच्या भटकंतीचा हा चित्रपट पुरा करण्यासाठी कऱ्हाडे यांनी वडिलोपार्जित जमीन विकली. २०१५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो चित्रपटगृहांत लागला. त्या माणसाच्या हिमतीला मी नमस्कारच करतो. पण आपल्याकडे एक वाईट खोड आहे. ज्याचा जुगार लागला त्याची आपण कथा करतो, आणि ज्याचा लागला नाही त्याचे नावही विचारत नाही. जमीन विकून सिनेमा काढला आणि तो डब्यातच राहिला, अशा माणसाची मुलाखत कुठल्या रविवारच्या पुरवणीत छापून आली आहे? यश बोलके असते. अपयश सोसायटीचे हप्ते भरत असते.

आणि ही गोष्ट काही आजची नाही. मराठी माणसाच्या सिनेमाचा श्रीगणेशाच गहाणखतावर झाला आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली यंत्रसामग्री आणायला इंग्लंडला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. परत आल्यावर भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप वाढताना चित्रित केले आणि ती फिल्म पैसेवाल्यांना दाखवली. मग सरस्वतीबाईंचे दागिने गेले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे.

पाठ नसलेला भाग असा. त्या चित्रपटाच्या कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्यांनी केली. तारामतीचे काम करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडे नेसवावे लागले. पुढे भांडवलदार भागीदार आले, नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि त्याच कंपनीतून फाळके वैतागून काशीला निघून गेले. नंतर ते परतले, पण आधीचे दिवस परतले नाहीत. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात ते गेले, तेव्हा ते या धंद्याच्या खिजगणतीत नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. पंचवीस वर्षे उशिरा! आम्ही पुतळे वेळेवर उभारतो, तिकीट मात्र वेळेवर काढत नाही.

फाळक्यांच्या काळातली एक आख्यायिका मला फार मोलाची वाटते. ते यंत्र आणि फिल्म बैलगाडीत घालून गावोगाव जात आणि परतताना गाडीत तिकिटांच्या चिल्लरीचे ओझे असे, असे सांगतात. तपशिलात थोडी मीठमिरची असेल. पण या आख्यायिकेत या धंद्याचे मर्म आहे. तो माणूस चित्र काढून थांबत नव्हता, ते स्वतः बाजारात नेत होता.

स्वतंत्र निर्माता-दिग्दर्शकाचे घोडे अडते ते इथेच. १९७१ साली दादा कोंडके यांनी स्वतः निर्माण केलेला 'सोंगाड्या' तयार होता, पण दादरच्या कोहिनूरमध्ये त्याला जागा मिळण्यासाठी शिवसेनेला मध्ये पडावे लागले. पुढे त्या चित्रपटाने काय धंदा केला ते जगजाहीर आहे. म्हणजे माल खोटा नव्हता, दुकानाचे दार बंद होते. १९७५ च्या 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे आमच्या मराठवाड्याच्या वेशीवरच्या जामखेडचे, पेशाने चित्रकलेचे शिक्षक. त्या मास्तराने विजय तेंडुलकर, जब्बार पटेल, श्रीराम लागू आणि निळू फुले अशी माणसे एकत्र आणली आणि साखर कारखान्याच्या सत्तेवरचा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात नेला. एका चित्रकला शिक्षकाला हे सुचावे आणि साधावे, याचा मला मास्तर म्हणून आजही अभिमान वाटतो.

पण पुतण्याला दाखवायला मला याहून वेगळे उदाहरण हवे होते. एका धाडसाचे नको, आयुष्यभर पुरलेल्या वाटचालीचे हवे होते. ते मला सुमित्रा भावे यांच्यात सापडले.

सुमित्राबाईंचा जन्म १९४३ चा. त्यांनी सिनेमाचे शिक्षण घेतले नव्हते. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या. झोपडवस्तीतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांना जाणवले, की ज्यांच्याविषयी अहवाल लिहिला त्यांना तो वाचता येणार नाही. मग हे त्यांना परत कसे द्यायचे? या प्रश्नातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. वय बेचाळीस. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पाठोपाठ 'पाणी' आला, त्यालाही मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले सुनील सुकथनकर त्यांना या वाटेवर भेटले आणि पुढची तीसेक वर्षे ही जोडी टिकली. डझनाहून अधिक कथापट आणि पन्नासच्या आसपास लघुपट एवढे त्यांचे काम.

या कामाची यादी नीट पाहण्यासारखी आहे. १९९५ चा 'दोघी' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून झाला. खेड्यातल्या दोन बहिणी, थोरलीच्या लग्नावर आलेले संकट, आणि घर जगवण्यासाठी तिला मुंबईच्या बाजारात पाठवणारे तेच घर. सोनाली कुलकर्णी, रेणुका दफ्तरदार, उत्तरा बावकर आणि सदाशिव अमरापूरकर त्यात होते. २००२ मध्ये 'दहावी फ', २००४ मध्ये स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई', मग कोडाविषयीचा 'नितळ', वीजबिलाच्या भुताशी माहितीच्या अधिकाराने झुंजणाऱ्या एस.टी. कंडक्टरचा 'एक कप च्या', स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचा 'अस्तु', आणि नैराश्यावरचा 'कासव'.

या यादीत एक सूत्र आहे. प्रत्येक विषयाला महाराष्ट्रात वाट पाहणारी माणसे होती. ज्यांच्या घरात भ्रमिष्ट म्हणून कोंडलेला भाऊ आहे, ज्यांच्या मुलीचे लग्न अंगावरच्या पांढऱ्या डागामुळे अडले आहे, ज्यांची आई आपल्याच मुलाचे नाव विसरली आहे, ती ही माणसे. त्यांच्यासाठी काम करणारे डॉक्टर होते, संस्था होत्या, ट्रस्ट होते. 'नितळ'मागे पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांचा पुढाकार होता. 'कासव'च्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे होते, आणि ते नट असण्याआधी मनोविकारतज्ज्ञ आहेत. सुमित्राबाईंना पैसे देणारा माणूस नफ्याचा वाटेकरी होण्यापेक्षा विषयाचा वाटेकरी होता. तोच पुढे प्रेक्षकही गोळा करून आणी. चित्रपट पाहायचा आणि मग त्याच सभागृहात बसून त्यावर बोलायचे, असे कितीतरी खेळ झाले. बैलगाडी गेली, पण रीत फाळक्यांचीच.

याचा अर्थ त्यांची वाट सोपी होती असा नाही. 'अस्तु' २०१३ साली तयार झाला. त्यातल्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्राबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही तो चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडले. 'कासव'ला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले. १९५३ च्या 'श्यामची आई'नंतर हा सन्मान मिळवणारा तो पाचवाच मराठी चित्रपट. मधले तीन म्हणजे 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट'. एवढा मान मिळूनही तो थोड्याच पडद्यांवर लागला. 'दिठी' त्यांनी एकटीने दिग्दर्शित केला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, तरुण मुलगा गमावलेल्या वारकरी लोहाराचा हा चित्रपट. आमच्यापासून जवळच संत नामदेवांचे नरसी आहे. पोरगा गेलेला वारकरी बाप काय असतो, हे आमच्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तो चित्रपट २०१९ च्या गोव्याच्या महोत्सवात दाखवला गेला आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी मे २०२१ मध्ये इंटरनेटवर आला. सुमित्राबाई त्याआधी महिनाभर, १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या होत्या.

सुवर्णकमळ मिळवलेल्या बाईच्या वाट्याला हे येत असेल, तर हळद शिजवणाऱ्या बाईचा सिनेमा घेऊन पुसेगावचा पोरगा कुणाच्या दारात उभा राहणार?

यावर एक तयार उत्तर मिळते. आता मोबाइल आहे, थिएटर हवे कुणाला? मला हे पटत नाही, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. लहानपणी औंढा नागनाथच्या शिवरात्रीच्या जत्रेत तंबूत बसून मी भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' पाहिला. त्यातला लोहाराचा भाता अजून आठवतो, आणि शेजारी बसून डोळ्यांना पदर लावणारी अनोळखी बाईही तेवढीच आठवते. पुढे मी मास्तर झाल्यावर शाळेत एकदा 'दहावी फ'ची सी.डी. आणून टी.व्ही.वर लावली. शेवटच्या तुकडीत ढकलली गेलेली मुले, त्यांचा संताप, त्यांनी केलेली मोडतोड, आणि मग स्वतः कमवून दिलेली भरपाई. सिनेमा संपला. आमच्याकडच्या शेवटच्या तुकडीची पोरे उठेनात. वर्गात कुणी कुणाकडे पाहत नव्हते. त्यानंतरच्या सोमवारी मी वर्ग घेताना त्या तुकडीला नावाने हाका मारू लागलो, तोवर हजेरीच्या आकड्यांनी मारत होतो. सांगायला लाज वाटते, पण खरे आहे. मोबाइलवर तो सिनेमा मी अर्ध्यात थांबवला असता. पन्नास पोरांच्या मध्ये बसून थांबवता येत नाही. काही चित्रपट एकट्याने पाहायचे नसतातच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते, ते द्यावे. पण अनुदान चित्रपट काढणाऱ्याच्या हाती पडते, पाहणाऱ्यापर्यंत रस्ता त्याने होत नाही. तालुक्याच्या गावी एक बरे सभागृह, त्यात बरा पडदा, बरा आवाज, आणि महिन्यातले ठरावीक दिवस स्वतंत्र निर्मात्यांसाठी राखून ठेवलेले, एवढे झाले तरी खूप होईल. कित्येक तालुक्यांत सभागृहे बांधलेली आहेतच. लग्ने आणि सत्कार उरकून ती वर्षभर कुलपात असतात. शाळा आहेत, वाचनालये आहेत. सत्यजित राय आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५९ साली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा केला, तेव्हा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा साधने कितीतरी कमी होती. आज प्रोजेक्टर एका पिशवीत मावतो. कमी पडतो तो तिकिटाचे पन्नास-शंभर रुपये काढणारा हात. आपण फुकटचे पाहायला शिकलो आहोत आणि त्याला रसिकता म्हणतो आहोत. शेतमालाला भाव नाही म्हणून आपण रस्ता अडवतो. मग ज्या पोराने आपलीच गोष्ट पिकवली, त्याच्या मालाला भाव द्यायची पाळी आली की आपण कुठे असतो?

दोन दिवसांनी पुन्हा ओट्यावर बसलो. मी पुतण्याला म्हणालो, "जमीन विकायची नाही. पण सिनेमा सोडायचा असेही मी म्हणत नाही. आधी वीस मिनिटांचा कर. ती बाई, ती कढई, ती एक रात्र, एवढेच घे. माझ्या पेन्शनीतून जमेल तेवढे मी देतो, ते उसने नाही. तो घेऊन हळदीच्या पट्ट्यातली पंचवीस गावे फिर. मजूर बायकांना दाखव, त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांना दाखव. ज्यांना तुझी गोष्ट आपली वाटेल, ते मोठ्या सिनेमात तुझे भागीदार होतील. असे कुणी मिळालेच नाही, तर मात्र अडीच एकर वाचले म्हणून आनंद मान."

पोरगा गप्प राहिला. त्याला ते पटले असे मी म्हणणार नाही. त्या वयात 'थांब' हा शब्द सगळ्यांना शत्रूच्या तोंडचा वाटतो. "काका, सुमित्रा भावेंच्या वेळचं वेगळं होतं," एवढेच तो म्हणाला. त्यातही तथ्य आहे. त्यांच्या वेळी दूरदर्शन होते, महामंडळ होते, आणि पुणे होते. पुसेगावला यातले काही नाही.

भाऊ इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांनी आयुष्यात मोजून दहा-बारा सिनेमे पाहिले असतील. ते पोराला म्हणाले, "तुझं पिक्चर चांगलंच व्हईल रे. पर हळद लावायच्या आदी मी इचारतो, बाजार कुठं हाये, भाव काय हाये. तू पिक्चर दाखवणार कुठं, ते सांग."

पोराने माझ्याकडे पाहिले. मी या विषयावर एवढे वाचले होते, पण मलाही उत्तर देता आले नाही. सातबाराचा उतारा भाऊंनी घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवला. तो तिथेच राहील की पुन्हा बाहेर निघेल, हे आता एकट्या आमच्या पोरावर अवलंबून नाही. आमच्या तालुक्यातल्या त्या कुलूपबंद सभागृहाची किल्ली कुणी तरी काढतो का, आणि ते उघडले तर तुम्ही-आम्ही तिकीट काढून आत जाऊन बसतो का, यावरही ते अवलंबून आहे.